विधान परिषद कोणासाठी? महाराष्ट्रातील दुसऱ्या सभागृहाचा ऐतिहासिक विचार

सारांश

राज्याच्या विधिमंडळाला दुसऱ्या सभागृहाची गरज आहे काय, हा प्रश्न भारतात वारंवार विचारला गेला आहे. काही राज्यांनी आपली विधान परिषद बरखास्त केली, काहींनी ती पुन्हा स्थापन केली. महाराष्ट्रात मात्र या प्रश्नाची चर्चा बहुधा खर्च आणि राजकीय सोय यांपुरतीच होते. प्रस्तुत लेखात मुंबई इलाख्यातील १८६२ च्या कायदेमंडळापासून आजच्या विधान परिषदेपर्यंतचा प्रवास तपासून, हे सभागृह असावे की नसावे यापूर्वी ते कोणाचे आहे हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन केले आहे. रोजगार हमी योजना, जादूटोणाविरोधी कायदा आणि राज्यपालनियुक्त सदस्यांचा वाद या तीन प्रसंगांच्या आधारे परिषदेच्या कार्याचे मूल्यमापन केले असून, तिच्या रचनेत बदल सुचविले आहेत.

बीजशब्द : विधान परिषद, द्विगृही विधिमंडळ, पदवीधर मतदारसंघ, स्थानिक प्राधिकारी संस्था, अनुच्छेद १६९, अनुच्छेद १७१, रोजगार हमी योजना.

१. प्रस्तावना

आंध्र प्रदेशच्या विधानसभेने २७ जानेवारी २०२० रोजी आपली विधान परिषद बरखास्त करावी असा ठराव केला. राज्याला तीन राजधान्या देणारी विधेयके परिषदेत अडल्यामुळे हा ठराव झाला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच विधानसभेने तो मागे घेतला. पावणेदोन वर्षांत एखादे सभागृह अनावश्यक ठरते आणि पुन्हा आवश्यकही ठरते, याचा अर्थ निर्णय तत्त्वावर होत नसून बहुमताच्या सोयीवर होतो, असाच घ्यावा लागतो. त्याच आंध्रात १९८५ मध्ये परिषद रद्द झाली होती आणि २००७ मध्ये ती पुन्हा अस्तित्वात आली होती. पश्चिम बंगालने १९६९, पंजाबने १९७० आणि तामिळनाडूने १९८६ मध्ये परिषदेला निरोप दिला. जम्मू-काश्मीरची परिषद २०१९ मध्ये संपुष्टात आली. आज उत्तर प्रदेश, बिहार, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा या सहाच राज्यांत विधान परिषद आहे.

महाराष्ट्राची परिषद या सर्व चढउतारांत अबाधित राहिली. त्यामुळे येथे तिच्या गरजेचा मूलभूत विचार फारसा झाला नाही. समर्थक तिच्या उज्ज्वल परंपरेकडे बोट दाखवितात, तर विरोधक तिला पराभूत पुढाऱ्यांची सोय म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन्ही विधानांची तपासणी करणे आवश्यक आहे. ही परिषद कोणत्या परिस्थितीत जन्माला आली, तिने प्रत्यक्षात काय केले आणि तिच्यात कोणाला जागा मिळाली, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहेत. लेखाचा वाचकवर्ग प्राध्यापकांचा आहे आणि प्राध्यापक हा या सभागृहाचा विशेष मतदार आहे, याचेही भान येथे ठेवले आहे.

२. ‘कौन्सिल’ या नावाने होणारी गल्लत

विधान परिषदेची परंपरा सांगताना न्या. रानडे यांच्या पिढीपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपर्यंतच्या काळाचा उल्लेख केला जातो. येथे एक गल्लत होते. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टनुसार स्थापन झालेल्या मुंबईच्या कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये झाली. जगन्नाथ शंकरशेट हे त्याचे एक सदस्य होते. या मंडळाचे नाव ‘लेजिस्लेटिव्ह कौन्सिल’ असले तरी ते वरचे सभागृह नव्हते. १९३७ पर्यंत ते इलाख्याचे एकमेव सभागृह होते. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये आणि गोपाळ कृष्ण गोखले १८९९ मध्ये ज्या कौन्सिलात गेले ते हेच. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करावयाचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला तो याच ठिकाणी. १९२७ पासून डॉ. आंबेडकरांनी अर्थसंकल्पावर केलेली भाषणे आणि १९२८ मध्ये स्त्री-कामगारांच्या प्रसूती लाभ विधेयकाला दिलेला पाठिंबा हेही याच एकमेव सभागृहातले. तेव्हा ही परंपरा आजच्या परिषदेइतकीच, किंबहुना अधिक, आजच्या विधानसभेची आहे.

मात्र या जुन्या कौन्सिलाची एक गोष्ट आजच्या परिषदेत थेट उतरली आहे, आणि ती म्हणजे मतदारसंघांची रचना. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलात अप्रत्यक्ष निवडीला वाव दिला. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ आणि व्यापारी मंडळे यांनी नावे सुचवावीत आणि गव्हर्नरने ती नियुक्त करावीत, अशी ही पद्धत होती. फिरोजशहा मेहता मुंबई महापालिकेकडून, तर टिळक मध्य विभागातील लोकल बोर्डांकडून कौन्सिलात गेले. सामान्य माणसाला मत नव्हते, अशा काळात नगरपालिका आणि विद्यापीठ ही जनतेसाठी उघडलेली थोडकी दारे होती. या दारांतून आत गेलेले लोक बाहेर राहिलेल्यांच्या वतीने बोलत असत. शेतसारा, दुष्काळ आणि मीठकर यांवरील त्या काळातील भाषणांचा संदर्भ हाच आहे.

३. दुसऱ्या सभागृहाचा जन्म

खऱ्या अर्थाने दुसरे सभागृह आले ते १९३५ च्या कायद्याने. मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि आसाम या सहा प्रांतांना द्विगृही विधिमंडळ मिळाले. मुंबईची विधानसभा १७५ सदस्यांची, तर परिषद जेमतेम ३० सदस्यांची होती. परिषदेच्या जागांमध्ये सर्वसाधारण २०, मुस्लिम ५, युरोपियन १ आणि उर्वरित ३ ते ४ गव्हर्नरनियुक्त अशी वाटणी होती. विधानसभेचा मताधिकार मर्यादित होता, परिषदेचा त्याहून कितीतरी अधिक मर्यादित होता. विधानसभेत कामगारांसाठी ७ जागा होत्या, परिषदेत एकही नव्हती. जुलै १९३७ मध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये तिचे कामकाज सुरू झाले आणि मंगलदास पक्वासा हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. मालमत्ता आणि प्रतिष्ठा असलेल्या वर्गाने लोकनिर्वाचित सभागृहाला आवर घालावा, हा या व्यवस्थेचा हेतू उघड होता.

स्वातंत्र्यानंतर हे सभागृह टिकावे काय, हा प्रश्न संविधान सभेपुढे आला. सभेने तो त्या त्या प्रांताच्या प्रतिनिधींवर सोपविला. मुंबई, मद्रास, पश्चिम बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि पूर्व पंजाब यांनी दुसरे सभागृह ठेवण्याचा कौल दिला. आसाम, ओरिसा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड यांनी ते नाकारले. के. टी. शहा यांच्यासारख्या सदस्यांनी विरोध नोंदविला. डॉ. आंबेडकरांनी ही तरतूद प्रयोग म्हणून स्वीकारल्याचे सांगितले आणि प्रयोग फसल्यास तो मोडण्याची सोपी वाटही ठेवली. अनुच्छेद १६९ नुसार विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करावा आणि संसदेने साध्या कायद्याने परिषद निर्माण अथवा रद्द करावी. त्यासाठी घटनादुरुस्तीची प्रक्रिया लागत नाही. म्हणजे परिषद हा घटनेचा अपरिहार्य अवयव नाही, ही गोष्ट घटनाकारांनीच स्पष्ट केली होती.

आजच्या महाराष्ट्राच्या दृष्टीने यातील एक बाब महत्त्वाची असून तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. नागपूर आणि वऱ्हाड हे दुसरे सभागृह नाकारणाऱ्या प्रांतात होते. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि १९५२ ते १९५६ या काळात त्या राज्याला एकच सभागृह होते. १९५६ च्या पुनर्रचनेत हे दोन्ही प्रदेश मुंबई राज्याला जोडले गेले आणि त्यांना परिषद मिळाली ती मुंबई प्रांताचा वारसा म्हणून. १९६० मध्ये द्वैभाषिक राज्याचे विभाजन झाले तेव्हा परिषद महाराष्ट्राकडे राहिली. गुजरातने ती घेतली नाही आणि आजपर्यंत मागितलेलीही नाही. मध्य प्रदेशासाठी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने परिषदेची तरतूद केली, पण ती कधीच अमलात आली नाही. तात्पर्य, महाराष्ट्राची परिषद ही साऱ्या मराठी मुलखाने विचारपूर्वक केलेली निवड नसून इतिहासाच्या ओघात वाट्याला आलेली संस्था आहे. वारसा म्हणून मिळालेली वस्तू टाकाऊ ठरत नाही हे खरे, परंतु ती पारखून घ्यावी लागते.

४. घटनेने दिलेले अधिकार आणि मर्यादा

महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक प्राधिकारी संस्थांकडून, ७ पदवीधरांकडून आणि ७ शिक्षकांकडून निवडले जातात. १२ सदस्य राज्यपाल नियुक्त करतात. परिषद विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

अधिकारांच्या बाबतीत परिषद अगदी दुय्यम आहे. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. अनुदानाच्या मागण्यांवर मतदान विधानसभेतच होते. धनविधेयक परिषद १४ दिवसांपेक्षा अधिक काळ रोखू शकत नाही. अन्य विधेयक परिषदेने फेटाळले, तीन महिने मंजूर न करता ठेवले किंवा विधानसभेला मान्य नसलेल्या दुरुस्त्यांसह परत पाठविले, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. त्यानंतर परिषदेच्या हाती एक महिना उरतो. तो संपल्यावर विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले असे मानले जाते. संसदेप्रमाणे संयुक्त बैठकीची तरतूद राज्यात नाही. राज्यसभेची निवडणूक आणि राष्ट्रपतींची निवडणूक यांत परिषदेच्या सदस्यांना मत नाही. त्यामुळे परिषदेची राज्यसभेशी तुलना करून तिचे समर्थन करणे योग्य ठरत नाही. राज्यसभा संघराज्यातील घटकांचे प्रतिनिधित्व करते. परिषद कोणत्याही प्रदेशाचे प्रतिनिधित्व करीत नाही. ती काही निवडक वर्गांचे प्रतिनिधित्व करते.

अडविण्याची शक्ती इतकी मर्यादित असल्याने परिषदेची उपयुक्तता ती काय अडविते यावरून ठरत नाही. विधानसभेत जे सुचत नाही किंवा ज्याला तेथे उसंत मिळत नाही, असे काही ती पुढे आणते काय, हाच तिच्या मूल्यमापनाचा खरा निकष होय.

५. परिषदेची जमेची बाजू

या निकषावर परिषदेच्या खात्यात जमा होणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे हे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी शासनाची आहे, ही कल्पना त्यांनी मांडली आणि १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यव्यापी झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव पायाभूत ठरला.

या योजनेसाठी पैसा कोठून आला, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९७५ च्या कायद्याने राज्यात व्यवसाय कर लागू झाला, तो रोजगार हमीसाठी निधी उभा करण्याच्या हेतूने. आपल्या वेतनपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी कपात दिसते, तिचे मूळ येथे आहे. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाची हमी घ्यावी, असा तो करार होता.

पागे यांचे श्रेय संपूर्ण परिषदेला देता येणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो बऱ्याच अंशी योग्य आहे. तथापि एखादी कल्पना एका गावात रुजवावी, बारा-चौदा वर्षे तिचा पाठपुरावा करावा आणि कायद्यापर्यंत न्यावी, यासाठी जो निवांतपणा लागतो तो दर पाच वर्षांनी मतदारसंघ सांभाळणाऱ्या आमदाराला क्वचितच लाभतो. तो पागे यांना परिषदेने दिला, एवढे मान्य करावे लागेल.

पदवीधर मतदारसंघांनीही काही मोलाची माणसे दिली. फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केलेले ग. प्र. प्रधान पुणे पदवीधर मतदारसंघातून अठरा वर्षे परिषदेत होते. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला आणि १९८० ते १९८२ या काळात ते विरोधी पक्षनेते होते. अमरावती विभागातून बी. टी. देशमुख १९८० ते २०१० अशी सलग तीस वर्षे निवडून आले. प्राध्यापकांच्या प्रश्नांइतकाच विदर्भाच्या अनुशेषाचा प्रश्न त्यांनी आकडेवारीनिशी लावून धरला. नियुक्त सदस्यांत ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर आणि लक्ष्मण माने यांची नावे आहेत. महानोरांनी शेती-पाण्याचा आणि मान्यांनी भटक्या-विमुक्तांचा अनुभव सभागृहात नेला. निवडणुकीच्या राजकारणातून या माणसांना विधिमंडळात येणे अवघडच होते.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा दिसतो. परिषदेची प्रतिष्ठा वाढली ती तिच्या सदस्यांनी आपल्या मतदारवर्गाच्या पलीकडचे प्रश्न मांडले तेव्हा. सभापतींनी मजुराचा विचार केला, पदवीधरांच्या प्रतिनिधीने कोरडवाहू शेतकऱ्याचा अनुशेष मोजला. १८९२ च्या कौन्सिलाचा चांगला गुणही हाच होता.

६. अडवणूक की सबब?

नाण्याची दुसरी बाजू जादूटोणाविरोधी कायद्याच्या इतिहासात दिसते. असा कायदा व्हावा, असा अशासकीय ठराव १९९५ मध्ये विधान परिषदेनेच मंजूर केला होता. पुढे शासनाने विधेयक आणले आणि डिसेंबर २००५ मध्ये नागपूर अधिवेशनात विधानसभेने ते संमत केले. त्यानंतर ते परिषदेत अडले. आक्षेप आणि चिकित्सेच्या फेऱ्यांत वर्षे गेली. २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली तेव्हा ते व्यपगत झाले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला.

हा प्रसंग परिषदेच्या विरोधात सांगितला जातो. परंतु अनुच्छेद १९७ चा विचार करता दोष केवळ परिषदेचा होता असे म्हणता येत नाही. तीन महिने उलटल्यावर विधानसभेला ते विधेयक पुन्हा संमत करून परिषदेचा अडसर दूर करता आला असता. तसे झाले नाही. म्हणजे परिषदेला थांबविण्याचा जो अधिकार नव्हता, तो राज्यकर्त्यांनी तिच्याकडे असल्यासारखे वागून विधेयक तेथे राहू दिले. नकोसा निर्णय लांबविण्यासाठी दुसरे सभागृह ही एक सोयीची सबब होते, हा या प्रसंगाचा धडा आहे. पुनर्विचाराचे सभागृह आणि विलंबाचे सभागृह यांतील फरक नियमांनी ठरत नाही, तो राज्यकर्त्यांच्या इच्छेने ठरतो.

७. रिकाम्या जागा

अलीकडच्या काळात परिषदेची अवस्था तिच्या रिकाम्या जागांवरून कळते. राज्यपालनियुक्त १२ जागा २०२० मध्ये रिक्त झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नावांची शिफारस केली. तिच्यावर निर्णय झाला नाही. राज्यपालांनी वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे त्यांचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. त्यानंतरही जागा रिक्तच राहिल्या. २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर जुनी यादी मागे घेण्यात आली आणि अखेर १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली त्याच दिवशी, सात सदस्यांचा शपथविधी झाला. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांसाठी घटनेने राखलेल्या सर्व जागा चार वर्षांहून अधिक काळ रिकाम्या होत्या. यांपैकी ‘सहकारी चळवळ’ हे क्षेत्र राज्यसभेच्या नियुक्तीत नाही, केवळ विधान परिषदेच्या नियुक्तीत आहे. सहकाराच्या भूमीत त्याचीही आठवण राहू नये, ही खेदाची गोष्ट होय. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात तर सभापतिपदही रिक्त होते.

स्थानिक संस्थांच्या जागांची स्थिती याहून वेगळी नाही. २०२२ पासून राज्यातील बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. मतदारच उरले नाहीत, तेव्हा निवडणूक कोणाची घ्यावयाची? ठाणे मतदारसंघाची जागा जून २०२२ मध्ये रिक्त झाली आणि २०२५ संपेपर्यंत भरता आली नाही. याच मतदारसंघात भिवंडी-निजामपूर महानगरपालिका येते. तिच्या नगरसेवकांची मुदतही जून २०२२ मध्ये संपली आणि नवी निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. साडेतीन वर्षे या शहराला ना नगरसेवक होता, ना नगरसेवकांनी निवडलेला विधान परिषद सदस्य. तरीही परिषदेचे कामकाज चालू राहिले आणि या अनुपस्थितीने तिला अडचण झाली नाही. ज्यांच्या नसण्याने सभागृहाचे काही अडत नाही, त्यांच्या असण्याला त्या सभागृहात कितपत अर्थ होता, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

याउलट परिषदेचा जो उपयोग तत्परतेने झाला तो मंत्रिपदासाठी. मंत्री झाल्यापासून सहा महिन्यांत विधिमंडळाचे सदस्य होणे आवश्यक असते. पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर परिषदेवर निवडून आले. उद्धव ठाकरे यांच्याबाबत करोनाच्या साथीत निवडणूक लांबली होती. मुदत संपण्यास दोन आठवडे असताना, १४ मे २०२० रोजी, ते बिनविरोध निवडून आले. हा मार्ग घटनेला मान्य आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु सत्तेची निकड असेल तर साथीच्या काळातही जागा भरते आणि साहित्य-विज्ञानाच्या जागा चार वर्षे रिकाम्या राहतात, ही विसंगती दृष्टीआड करता येत नाही.

८. मताचे मोल : भिवंडीच्या संदर्भात

आता मूळ प्रश्नाकडे यावे. १८९२ मध्ये नगरपालिका आणि विद्यापीठ ही दारे मत नसलेल्या जनतेसाठी उघडली होती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने प्रत्येक प्रौढाला विधानसभेचे मत दिले. तरीही ती जुनी दारे अनुच्छेद १७१ मध्ये तशीच राहिली. परिणाम असा झाला की, जी व्यवस्था मतहीनांची उणीव काही प्रमाणात भरून काढत होती, ती आता मत असलेल्यांपैकी काहींना जादा मत देऊ लागली.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. येथील मागांवरील कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेल्यांची संख्या मोठी आहे. बारा तासांची पाळी आणि कापडाच्या मीटरवर मिळणारी मजुरी हे त्यांचे जीवन. अनेकांचे नाव गावाकडच्या मतदारयादीत असते, येथल्या नसते. ज्याचे नाव येथे आहे त्याला राज्याच्या विधिमंडळासाठी एक मत आहे. त्याच शहरातील महाविद्यालयीन प्राध्यापकाला मात्र तीन मते आहेत. एक विधानसभेचे, दुसरे कोकण विभाग पदवीधर मतदारसंघाचे आणि तिसरे कोकण विभाग शिक्षक मतदारसंघाचे. प्राथमिक शिक्षकाला हे तिसरे मत नाही, कारण माध्यमिकपेक्षा कमी दर्जाच्या शाळांतील शिक्षकांना घटनेने वगळले आहे. ज्या मागवाल्याचे मूल महानगरपालिकेच्या शाळेत शिकते, त्याच्या मुलाचा शिक्षकही अशा रीतीने शिक्षक मतदारसंघाबाहेर राहतो.

स्थानिक संस्थांच्या बाबतीतही हेच दिसते. महाराष्ट्रात नगरपालिका, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांच्या सदस्यांना परिषदेसाठी मत आहे, ग्रामपंचायत सदस्याला नाही. कर्नाटकात ते आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीला घटनात्मक दर्जा दिला, पण सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींच्या या राज्यात तिला विधान परिषदेची ओळख झालेली नाही. भिवंडी शहराचा नगरसेवक मतदार असतो, भिवंडी तालुक्यातील गोदामांनी वेढलेल्या गावाचा सरपंच मतदार नसतो. मतदारांची संख्या काही शेच असल्यामुळे या निवडणुकीत पैशाचा प्रभाव पडतो, अशी तक्रार सर्वच पक्ष एकमेकांविरुद्ध करीत असतात.

प्रस्तुत लेखक स्वतः या जादा मतांचा धारक आहे. आपल्याला मिळालेला अधिकार अन्यायकारक आहे असे लिहिणे सोयीचे नाही. परंतु संघटनांच्या बैठकांत आपण परिषदेचे समर्थन करतो ते बहुधा वेतन, निवृत्तिवेतन आणि अनुदान यांच्या आधारे. हे प्रश्न खरे आहेत. तथापि केवळ तेवढ्यासाठी एक सभागृह राखून ठेवा, असे मागावर काम करणाऱ्याला सांगता येईल काय, याचे उत्तर आपण दिले पाहिजे.

९. बरखास्ती हा उपाय आहे काय?

परिषद नसल्याने गुजरात, पंजाब किंवा तामिळनाडू यांचे कायदे निकृष्ट झाले, असे दाखविता येत नाही. देशाबाहेर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने १९२२ मध्ये वरचे सभागृह रद्द केले आणि अमेरिकेतील नेब्रास्का १९३७ पासून एकाच सभागृहावर चालते. तेव्हा दुसऱ्या सभागृहाशिवाय राज्य चालतच नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

परंतु बरखास्तीच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद खर्चाचा असतो आणि तो पुरेसा नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेत विधेयके अल्प चर्चेत संमत होण्याची सवय जुनी आहे. एकमेव सभागृह राहिल्याने ती सुधारेल, असे मानण्यास आधार नाही. शिवाय पागे, प्रधान, देशमुख यांच्यासारख्यांना मिळालेली जागा विधानसभेत आपोआप निर्माण होणार नाही. म्हणून प्रश्न ठेवावे की मोडावे असा दुहेरी नसून, बदलता येईल काय असा आहे.

याचे उत्तर घटनेतच आहे. अनुच्छेद १७१ मधील परिषदेची रचना संसदेने कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंतच लागू आहे. म्हणजे तिच्यात बदल करण्यास घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. १९५० पासून आजपर्यंत संसदेने हा अधिकार मूलभूत फेररचनेसाठी वापरला नाही, एवढेच.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) महाराष्ट्राची विधान परिषद ही १९३७ च्या मुंबई प्रांताचा वारसा आहे. १८६२ ते १९३७ या काळातील कौन्सिलाची कीर्ती तिच्या समर्थनासाठी वापरणे ऐतिहासिकदृष्ट्या योग्य नाही.

२) परिषदेचे मोल तिच्या अडविण्याच्या अधिकारात नाही. आपल्या मतदारवर्गाबाहेरच्यांसाठी तिने जे केले त्यात ते आहे. रोजगार हमी योजना हे त्याचे ठळक उदाहरण होय.

३) ज्या वर्गांना तिच्यात राखीव स्थान आहे ते आज आधीच बोलू शकणारे वर्ग आहेत. स्थलांतरित आणि असंघटित कामगार, प्राथमिक शिक्षक आणि ग्रामपंचायती यांना तेथे जागा नाही.

४) संसदेने कायदा करून ग्रामपंचायतींना मतदार करावे, शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकांचा समावेश करावा, पदवीधर मतदारसंघांच्या जागा असंघटित कामगारांच्या नोंदणीकृत मतदारसंघांकडे टप्प्याटप्प्याने वळवाव्यात आणि राज्यपालनियुक्तीसाठी निश्चित मुदत घालून द्यावी.

५) हे बदल झाले तर परिषद टिकविण्यास सबळ कारण आहे. ते होणार नसतील, तर अनुच्छेद १६९ चा मार्ग खुला आहे आणि तो अवलंबिल्यास लोकशाहीची फार मोठी हानी होईल असे म्हणता येणार नाही.

चौथ्या मुद्द्यातील पदवीधर मतदारसंघांविषयीची सूचना आपल्या वर्गाला रुचणारी नाही, याची जाणीव आहे. परंतु १९७५ मध्ये पगारदारांनी मजुरांच्या कामासाठी कर देण्याचे मान्य केले, तेव्हाही ती कपात कोणाला आवडली नसावी. आज ती वेतनपत्रकात आहे आणि तिच्याविषयी कोणी तक्रार करीत नाही. मताच्या बाबतीतही तशीच कपात मान्य करण्याची तयारी शिक्षित वर्गाने दाखविली, तर वि. स. पागे ज्या सभागृहाचे सभापती होते त्या सभागृहाच्या परंपरेवर आपला दावा सांगण्याचा अधिकार त्याला राहील.